‘हिरवा मोठा ड्रॅगन’ म्हटलं तर काय बिघडलं?

सुपारीफोड
‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किनच्या ड्रॅगनवेडावरचा एक लेख दिवाळी अंकासाठी भाषांतरित करतेय आणि दोन दिवस एकाच वाक्याशी अडलेय. साधारण सात वर्षांचा असताना त्यानं ड्रॅगनची गोष्ट लिहिली. आई ड्रॅगनबद्दल अवाक्षर बोलली नाही. ‘हिरवा मोठा ड्रॅगन’ म्हणता येत नाही, ‘मोठा हिरवा’ म्हणावं लागतं, एवढंच तिनं सांगितलं. असं का, ते कोडं आपल्याला अजून सुटलेलं नाही, असं त्यानं १९५५ साली कवी ऑडनला पत्रात लिहिलं.
पण मराठीत ‘हिरवा मोठा’ खटकतं का? नसेल, तर आई बिनकामाची खुसपटं काढतेय असं वाटेल.

गवतीचहा
मला खटकतं. ‘काळा मोठा कुत्रा अंगावर आला’ असं कोण म्हणतं?

वाटाणाउसळ
आम्ही म्हणतो. परवाच मंडईत म्हणालो, “त्या हिरव्या मोठ्या मिरच्या द्या, भज्यांच्या.” भाजीवालीनं मुकाट्यानं पाव किलो तोलून दिल्या.

गवतीचहा
अहो, तिथं ‘मोठ्या मिरच्या’ ही जातच झाली. त्यातल्या हिरव्या द्या, लाल नकोत. तो मामला वेगळा.

शुद्धमती
विशेषणांचं नंतर बघा. ‘ड्रॅगन’ कशाला हवाय? आपल्याकडे ‘व्याळ’ आहे की.

सुपारीफोड
व्याळ म्हणजे साप, हे संस्कृतात ठीक. पण देवळाच्या खांबावरचा व्याळ बहुतेकदा सिंहाच्या अंगाचा असतो. वाचकाच्या डोळ्यांपुढे तोच येणार.

शुद्धमती
मग ‘महासर्प’ करा. गुजरात सरकारनं २०२१ मध्ये ड्रॅगन फ्रूटचं ‘कमलम’ केलंच ना?

वाटाणाउसळ
आमच्या मामांची बाग जतकडे आहे. ते तर फ्रूटसुद्धा म्हणत नाहीत. “यंदा ड्रॅगनला भाव नाही,” म्हणतात. करा त्यांचं कमलम.

धातुपाठ
शुद्धमतीताई, ड्रॅगन तितकासा परका नाही. ग्रीक ‘द्राकोन’ हा बघणे या अर्थाच्या धातूवरून आला असं मानतात, आणि तो धातू आपल्या ‘दृश्’चा सख्खा भाऊ. टक लावून बघणारा तो ड्रॅगन.

शुद्धमती
म्हणजे दर्शनाला गेलं की ड्रॅगनच भेटणार. छान!

गवतीचहा
जुन्या इंग्रजीत ड्रॅगनला ‘वुर्म’ही म्हणत. आपला ‘कृमी’ तोच ना?

धातुपाठ
नाही. यमक जुळतं म्हणून सोयरीक जुळत नाही.

परसदार
शब्द घरातच आहे: भुजंग. आमची आजी सांगायची, परसात मोहरांचा हंडा पुरलाय आणि त्यावर भुजंग बसलाय. कोण तो? तर कोणी खापरपणजोबा. जन्मभर कुणाला दमडी दिली नाही, जीव हंड्यात अडकला, म्हणून मेल्यावर भुजंग झाला. आम्ही पोरं फणसाखाली पाय ठेवत नसू. आता टोल्किनला लहानपणी भारून टाकणारा नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, कथेतला फाफ्निर बघा. सोन्याच्या हावेनं बापाला मारतो आणि त्या सोन्यावर वेटोळं घालून बसता बसता ड्रॅगन होतो. खापरपणजोबाच की!

गवतीचहा
पण भुजंगाला पंख कुठे असतात?

परसदार
फाफ्निर तरी कुठे उडतो? पाण्यावर जायला तो सरपटतच निघतो, आणि कथेचा नायक सिगुर्द वाटेत खड्डा खणून खालून तलवार खुपसतो. टोल्किनच्या ‘हॉबिट’मधला ड्रॅगन स्मॉग उडतो, मान्य. पण त्याच्या नावाचं मूळही भोकातून अंग चोरून शिरणे या अर्थाचं एक जुनं जर्मानिक क्रियापद, असं टोल्किननंच सांगितलंय. सापाचीच चाल ती.

शुद्धमती
भुजंग मला चालेल.

सुपारीफोड
मलाही आवडला. पण भुजंग म्हटलं की काळाच डोळ्यांपुढे येतो. हिरवा कसा करू?

वाटाणाउसळ
करूच नका. ‘काळा मोठा भुजंग.’ बघा, अजिबात खटकत नाही.

गवतीचहा
खटकतं.