राउटरचा जिग आणि सुटं कुसू: सोलापुरातल्या हातांचे अनुभव

सागवानाचा भाव पाहता लाकडाचा इंच न् इंच मोजून वापरावा लागतो. टेबलाची आडवी पट्टी दोन पायांमध्ये 450 मिमी हवी आणि दोन्ही टोकांना 30-30 मिमीचं कुसू (समोरच्या लाकडाच्या खोबणीत बसणारी जीभ) काढायचं, तर 510 चा तुकडा लागतो. सुटं कुसू वापरलं तर 450 चाच पुरतो. दोन्ही लाकडांत सारखी खोबण पाडायची आणि वेगळ्या पट्टीचं कुसू गोंद लावून त्यात बसवायचं. जुन्या वाड्यांच्या तुळया चिरून फर्निचर करणाऱ्यांना तर हा मोठाच आधार आहे. त्या तुळयांची टोकं कुजलेली किंवा खिळ्यांनी फाटलेली असतात आणि मधला चांगला तुकडा नेमका आखूड निघतो.

पण दोन्हीकडच्या खोबणी समोरासमोर आल्या तरच हा सांधा कामाचा, म्हणून राउटरला, म्हणजे फिरत्या पात्यानं (बिटनं) खोबण पाडणाऱ्या यंत्राला, जिग हवा, म्हणजे लाकूड आणि यंत्र ठरल्या जागी धरणारा साचा. आपल्याकडे सनमायक्याच्या कडा मारायला घेतलेला छोटा राउटर, म्हणजे ट्रिमर, बहुतेक मिस्त्रींकडे असतो, बिट वरून सरळ खाली उतरवता येणारा मोठा प्लंज राउटर फार थोड्यांकडे. तेवढ्या हत्यारावर हे काम कसं जमवलं, जिग कशाचा केला, कुठलं लाकूड वापरलं, आपल्या उन्हाळ्यात सांध्याचं काय होतं, हे ज्यांनी हातानं केलंय त्यांनी सविस्तर लिहावं. मापं जरूर द्या.

माझं मत आधीच सांगतो. जिग महाग की स्वस्त, यानं फार फरक पडत नाही. लाकडाची कुठली बाजू जिगला टेकवायची हे ठरवून पेन्सिलीनं खूण केली, की निम्मं काम झालं.

साखर पेठ, दारं-चौकटींचं काम

खुणेचं बरोबर बोललात. आमच्याकडे वडिलांपासून दर्शनी बाजूला पेन्सिलीनं वेलांटी काढायची पद्धत आहे. पटाशीच्या कामातही तीच खूण आणि ट्रिमरच्या कामातही तीच.

माझ्याकडे ट्रिमरच आहे, 6 मिमी बिटचा. जिग असा केलाय: 18 मिमी प्लायचे तीन-तीन थर चिकटवून 54 मिमी जाडीचे दोन जबडे. एक जबडा पक्का, दुसरा पुढेमागे सरकणारा. मध्ये लाकूड उभं धरायचं आणि त्याची वरची कड जबड्यांच्या वरच्या कडेशी सपाट करायची. वेलांटीची बाजू कायम पक्क्या जबड्याकडे. त्यामुळे लाकडाची जाडी अर्धा मिमी कमीजास्त असली तरी दर्शनी बाजू सपाट येते, जो काही फरक असेल तो मागे जातो.

ट्रिमर थेट लाकडावर आणि जबड्यांवर टेकतो. मध्ये प्लायचा फर्मा (खाच पाडलेली नमुन्याची पाटी) घातला तर त्याच्या जाडीएवढी बिटची पोच वाया जाते, आणि छोट्या बिटला मुळात पोच कमी. जबड्यांवर दोन्ही बाजूंना पट्ट्या मारल्यात, त्यांच्यामध्ये ट्रिमरचा तळ सरकतो. माझा तळ 90 मिमीचा आहे, पट्ट्यांमधली जागा ठेवलीय 94. आधी एका बाजूला 4 मिमीची पट्टी घालायची आणि खोबण मारायची, मग तीच पट्टी काढून दुसऱ्या बाजूला घालायची आणि परत मारायची. 6 च्या बिटनं 10 मिमी रुंद खोबण, दोन्ही भिंती सरळ. 32 मिमीच्या चौकटीला हे माप बरोबर बसतं, जाडीच्या साधारण एक तृतीयांश.

लांबीसाठी पुढे-मागे दोन ठोकळे. हिशोब सोपा आहे: तळाची लांबी, त्यात खोबणीची लांबी मिळवायची आणि बिटचा व्यास वजा करायचा. 90 अधिक 40 वजा 6, म्हणजे ठोकळ्यांत 124 चं अंतर.

ट्रिमर वरून खाली सरळ उतरत नाही, म्हणून तो तिरका करून बिट लाकडात खुपसणारे पुष्कळ आहेत. तसं करू नये, बिट कधी उडी मारेल सांगता येत नाही. मी आधी ड्रिलनं खोबणीच्या रेषेत 5 मिमीची भोकं ओळीनं पाडतो. मग बिटला फक्त मधलं लाकूड साफ करायचं उरतं. तरीसुद्धा एका फेरीत 3 मिमीपेक्षा खोल नाही. जुनं सागवान असेल तर आधी लोहचुंबक फिरवा. आत तुटलेला खिळा असला की कार्बाइडचं बिट गेलंच म्हणून समजा.

अक्कलकोट रोड एमआयडीसी, टूलरूममध्ये नोकरी, घरी छंद म्हणून सुतारकाम

मिस्त्री, तुमची 4 मिमीच्या पट्टीची युक्ती फार आवडली. माझ्याकडे प्लंज राउटर आहे, त्यामुळे मी गाइड बुशच्या वाटेनं गेलो. राउटरच्या तळाला पितळी कॉलर बसते, तिच्या मधून बिट खाली येतं आणि कॉलर फर्म्याच्या खाचेच्या कडेला घासत फिरते. फर्म्याची खाच किती मोठी करायची, इथं बहुतेक जण अडतात. बुशचा बाहेरचा व्यास वजा बिटचा व्यास, एवढं खोबणीच्या मापात मिळवा. माझा बुश 16 चा आणि बिट 10 चं, म्हणजे फरक 6. खोबण 10 रुंद आणि 40 लांब हवी असेल तर खाच 16 रुंद आणि 46 लांब. बुश सरकायला केसभर खेळ ठेवायचा, त्याहून जास्त नाही.

फर्मा मी 6 मिमी हायलम शीटचा (प्लॅस्टिकसारख्या कडक पाटीचा) केला. प्लायच्या खाचेची कड बुश घासून घासून दबते, हायलमची दबत नाही.

आमच्या धंद्यातली सवय इथं उपयोगी पडली. बुश आणि बिट यांचा मध्य शंभर टक्के एक असेल असं धरून चालायचं नाही. राउटरचं एक हँडल कायम माझ्या उजव्या हाताला, मध्येच राउटर फिरवून धरायचा नाही. जो काही थोडा फरक असेल तो मग दोन्ही लाकडांत एकाच दिशेला जातो.

बिटचा दांडा कॉलेटमध्ये (राउटरच्या, बिट आवळून धरणाऱ्या नळीत) किमान तीन चतुर्थांश आत गेला पाहिजे. पण कॉलेटच्या तळाला टेकलेला ठेवायचा नाही, टेकवून 2-3 मिमी बाहेर घ्यायचा. तळाला टेकलेलं बिट नीट आवळलं जात नाही आणि चालू कामात खाली सरकतं. खोबण एका टोकाला 25 आणि दुसऱ्या टोकाला 27 खोल आली, तर कारण तिथं शोधा.

बिट सरळ धारेचं की पिळाचं? खोल खोबणीला वर ओढणाऱ्या पिळाचंच घ्या. भुसा वर काढून टाकतं. सरळ बिट भुसा आतच घोटत बसतं आणि लाकूड काळं पडतं. जळलेल्या भिंतीला गोंद नीट धरत नाही.

विजापूर रोड, घरी देव्हारे आणि लहान फर्निचर करते

माझी कामं लहान. देव्हाऱ्याचे खांब 25 मिमीचे, त्यामुळे कुसू 8 मिमीचं आणि खोबण 18 खोल. एवढा बारीक खांब जिगमध्ये धरला की राउटरचा तळ डुगडुगतो. म्हणून खांबाच्या दोन्ही अंगांना त्याच उंचीचे टाकाऊ ठोकळे लावून सगळे एकत्र शिकंज्यात आवळते. तळाला रुंद जागा मिळते आणि कडेच्या चिपा उडत नाहीत.

दिशेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतं. राउटर पुढे ढकलताना तो आपोआप डावीकडे ओढला जातो. कड-गाइड (लाकडाच्या कडेला टेकून सरकणारी राउटरची पट्टी) लाकडाच्या उजव्या कडेला लावलं असेल तर ही ओढ गाइडला लाकडावर दाबते, खोबण सरळ येते. गाइड डावीकडे लावून पुढे ढकललं तर ते लाकडापासून सुटत जातं आणि भिंतीत पोट येतं. मी खोल उतरताना पुढे जाताना कापते, परत येताना राउटर वर घेऊन येते. वेळ थोडा जास्त लागतो, पण भिंत आरशासारखी येते. खोबणीत नखानं चाचपून बघायची सवय लावा. कुठं पायरी लागली तर ती कुसवाला लागणारच.

धुळीचं अगदी कळकळीनं सांगते. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मान्य केलंय, सर्वांत वरच्या गटात. सागवानाच्या धुळीनं कित्येकांना खाजही सुटते. आपल्याकडे ओढणी किंवा रुमाल बांधून काम करतात, बारीक धुळीला त्याचा उपयोग नाही. कारखान्यात वापरतात तसला मास्क घ्या आणि राउटरला व्हॅक्युमची नळी जोडा.

पूर्व भाग, हातमागाच्या घरातला

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. आमच्या घरी हातमाग होते. मागाचे खांब बाभळीचे, सांधे आरपार कुसवाचे आणि बाहेरून पाचर. गोंदाचा थेंब नाही. माग हलवायचा असला की पाचरी ठोकून काढायच्या, खांब खांद्यावर टाकायचे आणि दुसऱ्या खोलीत परत उभा करायचा. फणीचा ठोका दिवसभर बसून सांधा ढिला झाला तर पाचरीवर मोगरीचे दोन टोले, की परत घट्ट. सुट्या कुसवाला ही सोय नाही, ते चिकटलं की चिकटलं.

वॉल हँगिंग विणायला मी उभा माग केला, तेव्हा दोन्ही पद्धती वापरल्या. वरची-खालची चौकट पाचरीची, कारण ती उघडावी लागते. मधले आधार, जे कधी काढायचे नाहीत, ते सुट्या कुसवाचे. बाभळीत राउटर चालवताना मिस्त्रींनी सांगितलेले 3 मिमीसुद्धा मला जास्त वाटले, मी 2 वर आलो. बिट तापलं की आवाज चिरका होतो आणि भुशाला करपलेला वास येतो. लगेच थांबायचं.

सात रस्ता, निवृत्त इतिहास शिक्षक

सुतारकाम मी करत नाही, पण आपली ही पद्धत फार जुनी आहे म्हणून लिहितो. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथं समुद्रतळाशी बुडालेलं जहाज 1982 मध्ये एका पाणबुड्याला दिसलं. ते इसवी सन पूर्व चौदाव्या शतकातलं. त्याच्या देवदाराच्या फळ्या कडेला कड लावून जोडल्यात: दोन्ही फळ्यांत खोबण, मध्ये ओकचं सुटं कुसू आणि ते निसटू नये म्हणून आरपार खुंट्या. हे सगळं हातानं केलेलं.

धागाकर्ता

सर, ही माहिती इथं आली याचा खूप आनंद झाला. खुंटीची कल्पना आजही वापरता येते. गोंदाचा भरवसा वाटत नसेल तिथं कुसवातून 6 मिमीची खुंटी मारतात.

दोघातिघांनी फेस्टूल कंपनीच्या डोमिनो या खोबणी पाडणाऱ्या यंत्राबद्दल विचारलंय. त्या यंत्राचं बिट फिरता फिरता डाव्या-उजव्या बाजूला हलतं आणि एका दाबात खोबण पडते. लहान यंत्र 10 मिमी जाडीच्या कुसवापर्यंत जातं, तयार कुसवं बीच लाकडाची मिळतात. दिवसाला शेकड्यानं सांधे करणाऱ्या कारखान्याला ते परवडेल. चार खुर्च्या आणि एक टेबल करणाऱ्यानं त्यासाठी थांबून राहू नये, वरच्या मिस्त्रींचा जबड्याचा जिग तेच काम करतो.

शेळगी, दारांचा कारखाना

खोबणीवर सगळे बोलले, कुसवावर कुणीच नाही.

कुसवाची पट्टी एका दमात मीटरभर लांब काढायची, रेषा लांबीत हव्यात. आडव्या रेषेचं कुसू हातानं मोडतं. जाडी रंध्यानं आणायची, करवतीवर सोडून द्यायची नाही. खोबणीची टोकं राउटरमुळे गोल येतात, म्हणून पट्टीच्या कडाही गोल करायच्या. 10 मिमीच्या पट्टीला 5 मिमी त्रिज्येचं गोलाईचं बिट दोन्ही बाजूंनी. किंवा कडा चौकोनी ठेवून पट्टी तेवढी अरुंद करायची. ताकद रुंद बाजूंच्या चिकटण्यात आहे, गोल टोकांत नाही. दोन्ही खोबणी 25 खोल असतील तर कुसू 48 चं कापा. उरलेल्या 2 मिमीत जादा गोंद मावतो, नाहीतर सांधा बंदच होत नाही. शिवाय कुसवावर करवतीच्या पात्यानं दोन-तीन उभ्या बारीक खाचा ओढा, आतली हवा तिथून निघते.

घट्टपणा किती? हाताच्या दाबानं आत जायला हवं आणि उलटं धरलं तर पडायला नको. मोगरी लागली तर गोंद लावल्यावर ते फुगून अर्ध्यातच अडकेल.

आता सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी ठाक. पत्र्याखाली दुपारी गोंद लावला तर दुसरी खोबण भरेपर्यंत पहिल्यावर साय धरते. आम्ही जोडणी सकाळी लवकर उरकतो, दुपारी नुसत्या खोबणी मारतो. शिकंजे आधी कोरडे लावून बघायचे, ठोकळे हाताशी ठेवायचे, मगच गोंदाचा डबा उघडायचा. सागवान तेलकट असतं, खोबणीच्या भिंती आणि कुसू थिनरच्या फडक्यानं पुसून ते वाळल्याबरोबर गोंद लावा.

पावसाळ्यात उलटं. कापून ठेवलेली कुसवं दमट हवेनं फुगतात आणि महिन्यापूर्वी बरोबर बसणारं कुसू आत जात नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवा.

जुळे सोलापूर, नवशिका

दाराची खालची आडवी पट्टी 150 मिमी रुंद आहे. तिथं एकच 110 मिमी रुंद कुसू घालू का?

साखर पेठ, दारं-चौकटींचं काम

नको. दोन घाला, प्रत्येकी 45 चं आणि मध्ये 20-25 मिमी लाकूड शाबूत ठेवा. एकच लांब खोबण पाडली तर उभ्या पट्टीची ताकद जाते, आणि रुंद लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आटतं त्याचा ताणही एकाच सांध्यावर येतो. ठोकळ्यांचं अंतर एकदा ठरवा आणि दुसऱ्या कुसवासाठी लाकूडच जिगमध्ये पुढे सरकवा, ठोकळे हलवू नका. आणि हे आतल्या खोल्यांच्या दारांना. रस्त्यावरचं मुख्य दार असेल तर आरपार कुसू आणि पाचरच करा, त्याला मी अजून दुसरं काही वापरत नाही.