विषय: डिसेंबरात पुणे, तिथून निवांत बेटावर डायव्हिंग

सर्वांना नमस्कार,

गणपतीच्या वर्गणीच्या मेल्समध्ये मध्येच घुसतेय, माफ करा. डिसेंबरात आम्ही तिघं पुण्याला जातोय, सासरी, सहकारनगरला. त्यातले सहा दिवस काढून अंदमानात डायव्हिंग करायचंय. गर्दी नको, रात्री दणदणाट नको. हॅवलॉक बेट बरं की नील? लेक 11 वर्षांची आहे, तिला घेतात का? शेवटच्या दिवशी सकाळी एक डाइव्ह, मग बोट, दुपारचं विमान, आणि रात्री पुण्यात नणंदेच्या मुलीचं केळवण, असा बेत आहे.

श्टुटगार्टची सून

---

सूनबाई (सहीच तशी केलीत म्हणून),

शेवटच्या दिवसाचा बेत आधी खोडा. पाण्याखाली रक्तात नायट्रोजन विरघळतो, तो सावकाश बाहेर पडावा लागतो. विमानाच्या आत हवेचा दाब जवळपास 2400 मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतका खाली येतो, आणि उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. वाफ जिरायच्या आत कुकरचं झाकण काढलं तर वरण कुठे जातं, ते तुम्हाला सांगायला नको. दोन-चार डाइव्ह केल्या असतील तर उड्डाणाआधी किमान 18 तास सोडायचे. मी 24 सोडतो. इथले पुणेकर तारकर्लीला दुपारी बुडी मारून त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढून घरी येतात. ती बुडी उथळ असते म्हणून निभावतं. खोल गेलं असेल तर घाटही विमानासारखाच धरावा.

आता बेट. निवांतपणा हवा तर नील. 2018 पासून त्याचं नाव शहीद द्वीप आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप, बोटीच्या तिकिटावर बघून गोंधळू नका. नीलला दोन-तीन किनारे, भाजीची शेतं आणि सायकली, एवढंच आहे. हॅवलॉकला डायव्हिंगवाले जास्त, माणसंही जास्त. डिसेंबरच्या सुरुवातीला पाऊस रेंगाळू शकतो, त्यामुळे महिन्याच्या शेवटाकडे सरका.

लेकीला घेतात. 10 वर्षं पूर्ण लागतात, पण तिच्या वयाला 12 मीटरच्या खाली नेत नाहीत. तुम्हा दोघांना ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला कोर्स) केल्यावर 18 मीटर. थिअरी तिकडेच ऑनलाइन उरका, नाहीतर सुट्टीचा एक दिवस पुस्तकात जाईल. 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं, एवढी परीक्षा असते. ती आधी पुण्यात टिळक टँकवर (पोहण्याच्या तलावावर) स्वतःची घेऊन बघा. डिसेंबरातल्या सकाळी त्या पाण्यात दात वाजतात. तिथे तरलात तर अंदमानचं 27-28 अंशांचं पाणी म्हणजे न्हाणीघर.

आणि कान. हे मी अनुभवाने सांगतोय. पैसे भरले होते म्हणून सर्दी असतानाच उतरलो. तीन-चार मीटरवर कान दुखायला लागला. नाक दाबून फुंकलं, सुटला नाही. इन्स्ट्रक्टर खालून खुणा करतोय, आपण वरमून अजून थोडं खाली. वर आलो तर मास्कमध्ये रक्त, आणि पुढे तीन आठवडे कानात रातकिडे. दाबाचा सगळ्यात मोठा फरक पहिल्या 10 मीटरमध्येच पडतो, तेवढ्यात दाब दुप्पट होतो. त्यामुळे दुखायच्या आधीपासून, दर हातभर खाली गेलं की कान मोकळे करायचे. सर्दी असेल तर किनाऱ्यावर शहाळं प्या. पुण्यात आल्यावर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, कुणाला दमा असेल तर छातीच्या डॉक्टरांनाही आवर्जून.

कोथरूडचे काका (जर्मनीहून परत आलेले, पण ही मेलिंग लिस्ट सुटत नाही)

---

काकांना अनुमोदन. एक भर: घड्याळ भारताचंच असलं तरी तिथे डिसेंबरात पुण्यापेक्षा साधारण तासभर आधी सूर्य मावळतो. पाचलाच तिन्हीसांजा होतात. त्यामुळे डाइव्ह सकाळच्याच घ्या. रोख पैसे ठेवा. आणि लेकीने कितीही सुंदर प्रवाळ उचललं तरी बॅगेत नको, कायद्याने बंदी आहे.

म्युनिकची ताई

---

काका, ताई, खूप आभार. काल रात्री पुण्याला फोन झाला. सासूबाई म्हणाल्या, "त्या नायट्रोजनला म्हणावं मुहूर्त बघून ये." पण केळवण दोन दिवस पुढे गेलंय. शेवटचा दिवस आता नीलला सायकलवर. लेकीने कालपासून बाथटबमध्ये नाक दाबून फुंकायला सुरुवात केलीय, खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार वाजवून झालं.

श्टुटगार्टची सून