ऑस्लो करार कोणी मारला: गोळीने की कराराच्या मसुद्याने?

जास्वंद
४ नोव्हेंबर १९९५. तेल अवीवमधली शांतता सभा आटोपून गाडीकडे निघालेल्या इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांच्यावर यिगाल आमिर या कायद्याच्या विद्यार्थ्याने पाठीमागून गोळ्या झाडल्या. सभेत गायलेल्या शांतिगीताचा कागद खिशात होता, तो रक्ताने भिजला. आमिर ज्यूच होता.

माझ्या मते ऑस्लो करार, म्हणजे १९९३ चा इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातला शांतता करार, दोन्हीकडच्या माथेफिरूंनी संगनमत न करता मिळून मारला. फेब्रुवारी १९९४ मध्ये बारूख गोल्डस्टीन या ज्यू वसाहतवाल्याने वेस्ट बँकेतल्या हेब्रोनच्या इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना ठार केलं. चाळीस दिवस उलटताच हमासने इस्रायलमधल्या आफुला शहरात स्फोट घडवला. १९९६ मध्ये जेरुसलेमच्या १८ नंबरच्या बसमध्ये लागोपाठच्या दोन रविवारी स्फोट झाले. तोवर राबिननंतर पंतप्रधान झालेले शिमॉन पेरेस निवडणुकीत आरामात पुढे होते. मे महिन्यात कराराचे विरोधक नेतान्याहू जेमतेम एका टक्क्याने जिंकले.

खडूस काका
ताई, माथेफिरूंना एवढं श्रेय देऊ नका. १९८१ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात यांना त्यांच्याच सैनिकांनी संचलनात मारलं. त्यांनी इस्रायलशी केलेला शांतता करार मोडला का? पुढच्याच एप्रिलमध्ये इस्रायलने इजिप्तला उरलेलं सिनाई परत केलं. १९९८ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शांतता करारानंतर चार महिन्यांत ओमाघला बॉम्ब फुटला, २९ माणसं गेली. तोही करार टिकला.

ऑस्लोत जेरुसलेम, व्यापलेल्या भागातल्या ज्यू वसाहती, निर्वासित, सीमा हे सगळे अवघड जागचे प्रश्न 'नंतर बघू' म्हणून पाच वर्षांच्या टप्प्यावर ढकलले. मधल्या काळात वसाहती वाढतच होत्या, राबिन असतानाही. बिघडवणाऱ्यांना एवढी मोकळी मुदत दिल्यावर दुसरं काय होणार? आणि राबिनचा संत करू नका. ५ ऑक्टोबर १९९५ ला क्नेसेटमध्ये, म्हणजे इस्रायलच्या संसदेत, ते म्हणाले होते की पॅलेस्टिनींना मिळेल ते 'राज्यापेक्षा कमी' असेल, आणि सुरक्षेची सीमा जॉर्डनच्या खोऱ्यातच राहील.

जास्वंद
काका, सिनाईत वसाहतवाले मूठभर होते, तिथे यामित ही वसाहत रिकामी करून बुलडोझर फिरवणं जमलं. वेस्ट बँकेत ते जमणार होतं का?

आणि त्याच ५ ऑक्टोबरच्या संध्याकाळी जेरुसलेमच्या झायन चौकात काय चाललं होतं तेही सांगा की. राबिनना नाझी गणवेशात दाखवणारी चित्रं गर्दीत फिरत होती, 'गद्दार' म्हणून घोषणा चालल्या होत्या, आणि वर बाल्कनीत विरोधी पक्षनेते नेतान्याहू उभे. त्या रात्री क्नेसेटमध्ये ऑस्लोचा पुढचा करार (ऑस्लो-२) ६१ विरुद्ध ५९ मतांनी तरला. आमिर आकाशातून पडला नव्हता.

चौलकर
आमच्या अलिबागकडची बरीच बेने इस्रायली (कोकणातली मराठी ज्यू) मंडळी इस्रायलमध्ये लोद, अश्दोदला आहेत. कोणी सुट्टीत गावी आलं की विषय निघतोच. त्यांच्यातले एक काका म्हणाले, "रोज बसने कामाला जाणाऱ्या माणसाला कराराची कलमं समजावू नका, बस सुखरूप पोचेल का ते सांगा." ते कट्टर नाहीत हो. पण मत मात्र त्यांनी उजव्यांनाच दिलं.

खडूस काका
@चौलकर, हेच तर. घाबरलेला मतदार कट्टर नसतो, पण सरकार त्याच्याच मतावर बनतं.

जास्वंद
आणि त्या सरकारात कोण बसतं? राबिनच्या खुनाच्या काही आठवडे आधी एक पोरगा त्यांच्या गाडीचं उपटलेलं चिन्ह टीव्हीवर नाचवत म्हणाला होता की गाडीपर्यंत पोचलो, त्याच्यापर्यंतही पोचू. इतामार बेन-ग्विर. डिसेंबर २०२२ पासून राष्ट्रीय सुरक्षा मंत्री.

खडूस काका
तो गोळीमुळे मंत्री झाला नाही. नेतान्याहूंच्या आघाडीच्या ६४ जागांपैकी १४ त्याच्या आणि स्मोट्रिच या दुसऱ्या कट्टर उजव्या नेत्याच्या संयुक्त यादीच्या होत्या, म्हणून झाला. जानेवारी २०२५ मध्ये गाझातल्या युद्धविरामावर रुसून राजीनामा दिला, मार्चमध्ये बॉम्बवर्षाव पुन्हा सुरू होताच परत खुर्चीत. त्याला पिस्तूल कशाला लागतंय?

जास्वंद
काका, हा तर माझाच मुद्दा झाला!

खडूस काका
अजिबात नाही. उद्या सविस्तर लिहितो.