मदत हवी आहे: आर्ट बेलच्या जुन्या कॅसेट वाचवायच्या आहेत

नमस्कार मंडळी. १९९७ साली मी लास वेगासला एका मोटेलात रात्रपाळी करायचो. काउंटरवर रेडिओ, आणि त्यावर निवेदक आर्ट बेलचा रात्रीचा कार्यक्रम 'कोस्ट टू कोस्ट एएम'. नेवाडाच्या वाळवंटातल्या पाहरम्प गावी, स्वतःच्या घरातून तो रात्र रात्र बोलायचा. उडत्या तबकड्या, भुतं, एरिया ५१ हा नेवाडातलाच अमेरिकेचा गुप्त लष्करी तळ. श्रोत्यांचे फोन आधी चाळून घेत नसे, त्यामुळे पुढचा माणूस काय सांगेल याचा नेम नाही. परक्या मुलखात एकटं बसलेल्याला त्या आवाजाचा केवढा आधार वाटायचा!

त्या सप्टेंबरात एरिया ५१ चा माजी कर्मचारी म्हणवणारा एकजण रडवेला होऊन बोलत होता आणि मध्येच प्रक्षेपण तुटलं. ती रात्र माझ्याकडे कॅसेटवर आहे. पण टेप हेडवर दाबून धरणारा स्पंजचा चिमुकला तुकडा गळून पडलाय. आवाज बुडतो, मधेच चिरकतो. टेप दुसऱ्या कॅसेटच्या प्लास्टिकच्या खोक्यात घालावी का? घरी जमेल? स्वस्तातले यूएसबी प्लेअर चालतील, की चांगला कॅसेट डेकच शोधू?

सोबत टीव्हीवरून उतरवलेली 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या भयपटाची व्हीएचएस (व्हिडिओ कॅसेट) ही आहे. सिनेमा कुठेही मिळतो (१९६८ मध्ये नाव बदलताना त्यावरची कॉपीराइटची ओळच राहून गेली होती, म्हणून अमेरिकेत तो सगळ्यांना खुला झाला), मला मधल्या मध्यरात्रीच्या जाहिराती हव्यात. टेपवर पांढरी बुरशी दिसते.

पुण्यात हे काम जपून करणारं कुणी माहीत आहे का? कृपया सांगा.