'परमेश्वराचे भय' : भय, आदर की धाक?

ओळीकाठ
एका छोट्या चिंतनाचा मराठी अनुवाद करतेय. विषय बायबलमधल्या नीतिसूत्रांचा : देवाविषयीची भावना, पैसा आणि समाधान. पहिल्याच वाक्याला अडले. 'परमेश्वराचे भय' हा ज्ञानाचा प्रारंभ, असं ते सूत्र आहे (नीतिसूत्रे १:७). मी 'परमेश्वराविषयीचा आदर' लिहिलं. बाबांनी मसुदा वाचला आणि 'आदर'वर पेन्सिलीनं आडवी रेघ मारून वर बारीक अक्षरात 'भय' लिहिलं. पुढे जिथे जिथे 'आदर' आला तिथेही तेच, एकूण अकरा ठिकाणी. विचारलं तर म्हणाले, "आदर मी शेजाऱ्यांचाही करतो." यावर मला काही बोलता आलं नाही. पण वाचणारी मुलं पंधरा-सोळा वर्षांची आहेत. त्यांना 'भय' म्हणजे भूत, साप नाहीतर निकाल. काय लिहू?

मोडीवाचक
तुमच्या बाबांशी सहमत. मूळ हिब्रू शब्द 'यिरा', आणि त्यात भीती आहेच. आदर, विस्मय, नतमस्तक होणं हेही त्यात आहे, पण भीती वजा करून नाही. निर्गम २०:२० पाहा. सिनाय पर्वतावर गडगडाट, धूर, लोक थरथरत दूर उभे. मोशे त्यांना सांगतो की भिऊ नका, आणि त्याच वाक्यात पुढे म्हणतो की देवाचं भय तुमच्यापुढे राहावं म्हणून हे घडलं. दोन्हीकडे धातू एकच. एका भयानं दुसरं भय घालवायचं, असा तो प्रकार आहे. 'आदर' घातलात तर 'भिऊ नका, आदर करा' असं मिळमिळीत वाक्य उरतं.

पाऊलवाट
लहानपणी मला 'परमेश्वराचे भय' म्हणजे परमेश्वराला वाटणारं भय असंच वाटायचं. 'आईचे प्रेम' म्हणजे आईचं आपल्यावरचं, 'बाबांचा राग' म्हणजे बाबांना आलेला, मग 'परमेश्वराचे भय' म्हणजे देव कुणाला तरी घाबरतो! आजीला विचारलं तर ती काही वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "वाघाचं भय वाघाला असतं का?" षष्ठीची गंमत तेव्हा कळली, पण त्याबरोबर देव आणि वाघ डोक्यात एकत्र बसले ते बसलेच. मुलांसाठी लिहिताय म्हणून सांगते, हा गोंधळ खरा असतो.

सरळसोट
'धाक' का नको? आईचा धाक असलेलं मूल आईपासून पळत नाही, तिच्याच कुशीत जातं. भयात पळणं आहे, धाकात थांबणं आहे.

मोडीवाचक
आणि धाकदपटशा? 'धाक दाखवणे' हा बळजबरीचा शब्दप्रयोग आहे. शिवाय धाक समोरचा घालतो. 'दरारा' तर पूर्णपणे समोरच्याचाच. इथे ज्याच्या मनात भावना आहे त्याच्या बाजूनं बोलणारा शब्द हवा.

जुनी वही
आमच्याकडे 'मर्यादा ठेवणे' म्हणत. थोरांची मर्यादा ठेवली म्हणजे त्यांच्यापुढे आवाज चढवला नाही. आता मर्यादा फक्त वेगाची उरली आहे.

पण मला वाटतं, तुम्ही सगळे नामाभोवती घुटमळताय आणि क्रियापदाकडे कुणाचंच लक्ष नाही. बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकाच्या शेवटी (१२:१३) मराठीत 'देवाचे भय धर' आहे. भय *वाटणं* आणि भय *धरणं* यांत फार अंतर आहे. वाटतं ते आपोआप, अंधारात, साप दिसल्यावर. धरायचं ते जाणून, रोज. आशा धरतो, हट्ट धरतो, कुणाची भीड धरतो, तसं भयही धरतो. 'अरे, देवाचं तरी भय धर' असं माणूस कुणाला सुनावतो? जो अजिबात घाबरलेला नाही, बेदरकार झाला आहे, त्यालाच. म्हणजे मराठीनं हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला आहे. 'भय' राहू द्या, 'धरणे' सोडू नका.

ओळीकाठ
हे फार आवडलं. 'भय धरणं' हे बाबांना वाचून दाखवते.

आता दुसरी अडचण. बायबलमधल्या '१ तीमथ्य' या पत्रात (६:६) भक्तीबरोबर 'चित्तसमाधान' आहे. मी नुसतं 'समाधान' लिहिलं, तर एका मैत्रिणीनं विचारलं, "कशावरचं समाधान? कुठली समस्या होती?"

सरळसोट
हिंदीचा परिणाम! तिकडे समाधान म्हणजे तोडगा. आता मराठी बातम्यांतही 'समस्येचे समाधान' दिसतं. आपल्या धडधाकट शब्दाचा अर्थ आपल्या डोळ्यांदेखत बदलतोय आणि आपण बघत बसलोय. 'समाधान'च ठेवा आणि मैत्रिणीला तुकोबांचं 'चित्ती असों द्यावें समाधान' ऐकवा.

पाऊलवाट
पण 'शंकासमाधान' मराठीत जुनंच आहे की! शंका मिटली तेही समाधान, हाव मिटली तेही समाधान. सगळ्याचं खापर हिंदीवर फोडू नये.

सरळसोट
शंका मिटणं आणि समस्या सुटणं एक नाही. शंका मनातच असते, म्हणून तिथे समाधान शोभतं. नळ दुरुस्त झाला याला समाधान म्हणायचं असेल तर मी या चर्चेतून बाहेर.

मोडीवाचक
मुळाकडे येऊ. तिथला ग्रीक शब्द 'आउतार्केइया', म्हणजे स्वतःपुरतं पुरेसं असणं. हा स्टोइक या प्राचीन ग्रीक पंथाच्या तत्त्वज्ञांचा लाडका शब्द. त्यांच्याकडे अर्थ असा की ज्ञानी माणसाला बाहेरचं काही लागत नाही. ख्रिस्ताचा प्रेषित पौल यानं शब्द तोच उचलला, पण फिलिप्पैकरांच्या पत्रात (४:११-१३) त्याची सगळी मदार बदलली : मी हे *शिकलो*, आणि मला सामर्थ्य देणारा दुसरा आहे. हे तो बंदिवासातून लिहितोय. तेव्हा 'स्वयंपूर्णता' लिहू नका, ते स्टोइकांकडे परत जाईल.

जुनी वही
मग 'पुरे' हा शब्द घ्या की. पुरणे, पुरेसं, पुरवठा, सगळा गोतावळा आपलाच. 'पुरे!' कंटाळून म्हणता येतं आणि ताटावर हात आडवा धरून, पोट भरल्यावर, हसून 'पुरे' म्हणता येतं. ते दुसरं 'पुरे' म्हणजे हे समाधान. आगूराची प्रार्थनाही तीच (नीतिसूत्रे ३०:८-९) : दारिद्र्य नको, श्रीमंतीही नको, गरजेपुरतं अन्न दे. फार मिळालं तर देवाला नाकारीन, काहीच नसलं तर चोरी करीन. केवढा प्रामाणिक माणूस! 'पुरेपण' असा शब्द करा.

मोडीवाचक
'पुरेपण' कुणी बोलत नाही. शब्द पाडू नयेत.

जुनी वही
पंडिता रमाबाईंनी त्यासाठीच हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. बोलीतला शब्द त्यांनी कमी लेखला नाही.

मोडीवाचक
आणि फादर स्टीफन्सनी १६१६ साली ख्रिस्तपुराणात, म्हणजे बायबलच्या कथेवरच्या आपल्या मराठी काव्यात, स्वर्गाला सरळ 'वैकुंठ' म्हटलं. ऐकणाऱ्यांच्या कानात मुरलेला शब्द घेतला, नवा पाडला नाही. मी एवढंच म्हणतोय.

पाऊलवाट
मध्येच एक. 'पैसा हे सगळ्या पापांचं मूळ' असं बायबलमध्ये आहे म्हणून सर्रास सांगतात. तिथे 'द्रव्याचा लोभ' आहे (१ तीमथ्य ६:१०). ओळीकाठ, चिंतनात हे चुकीचं आलं असेल तर कृपया सुधारा. लोभ गाळला की कष्टानं मिळवणाराही पापी ठरतो.

ओळीकाठ
आलं होतं! सुधारलं.

बाबांना 'भय धरणं' वाचून दाखवलं. खूश झाले. मग पेन्सिल घेऊन पुढच्या पानावर गेले आणि उपदेशकातल्या 'सगळं काही व्यर्थ' या ओळीतल्या 'व्यर्थ'भोवती गोल केला. समासात लिहिलंय : "व्यर्थ की वाफ?"

मोडीवाचक
वाफच! हिब्रू 'हेवेल', म्हणजे श्वास, वाफ. काइनानं मारलेल्या हाबेलाचं नावही तेच. 'व्यर्थ' म्हणजे फुकट गेलेलं. वाफ फुकट नसते, ती फक्त मुठीत राहत नाही.

सरळसोट
'वाफ, वाफ, सगळी वाफ' हे स्वयंपाकघरातलं वाक्य वाटतं. 'व्यर्थ'ला हात लावू नका.

जुनी वही
'धुकं' चालेल का?