लोकवर्गणी शाळेतल्या टॅबवर खर्च करावी का?

प्राथमिक शिक्षिका, खटाव तालुका

आमची शाळा द्विशिक्षकी आहे, पहिली ते चौथीचा पट ३७ आहे. यंदा यात्रेच्या वेळी गावाने शाळेसाठी लोकवर्गणी जमवली आणि तिचा विनियोग ठरवण्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक पुढच्या आठवड्यात होणार आहे. बहुतेक सदस्यांचा कल भिंतीवर मोठा स्मार्ट बोर्ड बसवण्याकडे आहे. माझा त्याला विरोध आहे. त्याच पैशांत सहा टॅब आणि एक लहान इन्व्हर्टर घ्यावा, असे मी सुचवणार आहे. त्यामागचे कारण येथे सविस्तर मांडते, म्हणजे माझ्या विचारात कोठे उणीव असेल तर बैठकीपूर्वीच कळेल.

तिसरीतल्या एका मुलाने पाटीवर ५२ वजा २७ चे उत्तर ३५ काढले. ६१ वजा ३८ चे उत्तर त्याने ३७ लिहिले. वरवर पाहता दोन्ही उत्तरे नुसती चुकलेली आहेत, पण त्या मुलाने एक नियम मनापासून पाळला होता : एककाच्या घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, मग तो अंक वर असो की खाली. हे मला त्या दिवशी दिसले, कारण मी योगायोगाने त्याच्याच शेजारी बसले होते. एरवी तिसरीच्या पाट्या पाहून होईपर्यंत चौथीची मुले खोळंबलेली असतात, आणि चूक दिसली तरी तिच्यामागचा नियम शोधायला उसंत मिळत नाही.

गेल्या वर्षी आम्हाला सरावाचा कार्यक्रम असलेले दोन टॅब काही आठवडे वापरायला मिळाले होते. प्रत्येक मुलाने रोज वीस मिनिटे हातच्याच्या वजाबाक्या सोडवल्या, आणि आठवडाअखेरीस नऊ मुले तंतोतंत हीच चूक करत असल्याचे टॅबने दिलेल्या चुकांच्या यादीत दिसले. दुसऱ्या दिवशी त्या नऊ जणांना मी व्हरांड्यात बसवले, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या दिल्या, आणि बावन्नमधून सत्तावीस काढायला सांगितले. दोनच सुट्या काड्या हातात असताना सात काढायच्या म्हणजे एक गठ्ठा सोडावाच लागतो, हे त्यांच्या बोटांना कळले. समजावण्याचे काम काड्यांनी केले; ते कोणासमोर करायचे हे मात्र टॅबमुळे कळले. चित्रफिती दाखवणाऱ्या बोर्डाकडून ही माहिती मला मिळणार नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, वाई

मॅडम, तुमची तळमळ पोचली आणि काड्यांचा प्रसंग वाचून फार समाधान वाटले. तरीही तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही.

पाटी तपासताना शिक्षक फक्त उत्तर पाहत नाही. मूल बोटे मोजते का, ओठ हलवते का, शेजारच्या पाटीकडे नजर टाकते का, अंक लिहिताना कोठे थबकते, हे सगळे त्याच्या नजरेत येते. टॅबला फक्त शेवटी दाबलेला आकडा कळतो. चुकांची यादी आयती हाती येऊ लागली की पाटीजवळ बसण्याची सवय सुटते, आणि ती एकदा सुटली की परत लागत नाही.

दुसरा मुद्दा अनुभवाचा आहे. मी ज्या एका शाळेत होतो तेथे मोठ्या उत्साहाने संगणक कक्ष उभा राहिला. पहिले वर्ष उत्तम गेले. नंतर बॅटऱ्या उतरल्या, दुरुस्तीचा खर्च कोणाच्या खात्यातून करायचा हे ठरले नाही, आणि माझ्या निवृत्तीच्या दिवशी ते संगणक कापडी आच्छादनाखाली होते. ती वर्गणीही गावाचीच होती. पेरूमध्ये सरकारने खेड्यांतल्या प्राथमिक शाळांतील मुलांना लॅपटॉप दिले; २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांवर त्याचा काहीही परिणाम आढळला नाही. साधन पोचले, शिकवणे होते तसेच राहिले.

माझा आग्रह पुस्तकांचा आहे. तेवढ्या पैशांत चांगल्या गोष्टींच्या पुस्तकांची दोन कपाटे भरतील. पुस्तकाला इन्व्हर्टर लागत नाही.

प्राथमिक शिक्षिका, खटाव तालुका

सर, पेरूचे उदाहरण मला मान्य आहे आणि ते माझ्या विरोधात जाते असे मला वाटत नाही. तेथे मुलांच्या हाती यंत्र दिले गेले. मुलाच्या पातळीनुसार कोणता सराव द्यायचा आणि त्यानंतर शिक्षकाने काय करायचे, याची जोड त्याला नव्हती. आपल्या जवळचे उदाहरण वडोदऱ्याचे आहे. तेथील महानगरपालिकेच्या शाळांत ‘प्रथम’ संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले, एका संगणकावर दोन मुले बसत, आणि प्रत्येकाच्या पातळीप्रमाणे गणिते बदलत. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. गणितातली वाढ स्पष्ट होती.

पाटीजवळ बसण्याची सवय सुटेल, ही भीती मात्र मी हलक्यावर घेत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, वाई

त्याच अभ्यासाचा पुढचा भागही सांगायला हवा. कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभराने पाहिले तेव्हा त्या वाढीचा बराचसा भाग ओसरला होता, आणि भाषेच्या गुणांत संगणकामुळे फरक पडलाच नव्हता. दिल्लीतल्या माइंडस्पार्क (मुलाच्या पातळीनुसार सराव देणारा संगणकीय कार्यक्रम) केंद्रांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही नेहमी पुढे केला जातो. तेथे मुलांची प्रगती खरोखर मोठी होती. परंतु ती केंद्रे शाळा सुटल्यावर चालत, आणि नव्वद मिनिटांच्या तासिकेतला निम्मा वेळ मुले संगणकावर, तर निम्मा वेळ शिकवणाऱ्या माणसासमोर छोट्या गटात बसत. तुमच्या शाळेत तो माणूस कोठून आणणार? मुले टॅबवर असतील त्या वीस मिनिटांत तुम्ही दुसऱ्या इयत्तेसमोर उभ्या असाल.

गणित शिक्षक, माध्यमिक विद्यालय, तासगाव

मला दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट राहून गेलेली दिसते. वर्गातले संगणकीय साधन म्हणजे केवळ एकेकट्याने करायचा सराव, असे गृहीत धरले जात आहे. मी सातवी-आठवीला जिओजेब्रा, म्हणजे पडद्यावर भूमितीच्या आकृत्या काढून हलवता येणारे सॉफ्टवेअर, वापरतो, तेही एकाच प्रोजेक्टरवर. ते मोफत आहे आणि मराठीतही वापरता येते. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज शिकवताना मुले आधी कागदाचा त्रिकोण कापतात, त्याचे तीन कोपरे फाडून एका रेषेवर शेजारीशेजारी ठेवतात आणि सरळ कोन तयार झालेला पाहतात. मग पडद्यावर एक मुलगी त्रिकोणाचा शिरोबिंदू धरून लांब ओढते. त्रिकोण अगदी चपटा होतो, तिन्ही कोनांची मापे भराभर बदलत राहतात आणि बेरीज १८०वरून हलत नाही. त्या क्षणी वर्गात जो वाद सुरू होतो (“बिंदू पायाच्या रेषेवरच आणला तर काय होईल?”), तो चाळीस मुले एकाच पडद्याकडे पाहत असतात म्हणूनच होतो. सहा टॅबवर सहा मुले खाली मान घालून बसली असती, तर हा प्रश्न सर्वांचा झाला नसता.

म्हणून मॅडम, तुमच्या समितीच्या सदस्यांना पूर्णपणे चुकीचे ठरवू नका. तुम्ही चित्रफितींच्या पडद्याला विरोध करत आहात, तो योग्य आहे. महागडा स्मार्ट बोर्ड नको हेही खरे. पण साधा प्रोजेक्टर आणि भिंतीवरचा पांढरा रंग याने खूप काही होते.

पालक, जत तालुका

आमच्या घरात कन्नड बोलली जाते आणि मुलगी मराठी माध्यमात दुसरीत आहे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड फोनवर स्कॅन करून तिला धडा ऐकवला की ती त्याच्याबरोबर वाचते. आम्हाला तो तसा वाचून दाखवता येत नाही. पण धडा संपला की तोच फोन तिच्या हातून काढून घेताना रोज रडारड होते. शाळेत टॅब आले तर ते शाळेतच राहावेत, घरी देऊ नयेत, एवढी एकच विनंती.

प्राथमिक शिक्षिका, खटाव तालुका

ताई, टॅब शाळेच्या कपाटातच राहतील, हे मी ठरावात लिहून घेईन. तासगावच्या सरांचा मुद्दा सातवीसाठी मला पूर्ण पटतो. माझी मुले मात्र अजून बावन्नमधून सत्तावीस काढत आहेत, आणि प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी अडलेला आहे.

वाईच्या सरांनी विचारलेला प्रश्न खरा आहे आणि त्यावर मी दोन दिवस विचार केला. तो माणूस मला मिळणार नाही. त्यामुळे मी मागणी बदलली आहे : सहाऐवजी चार टॅब, दुरुस्तीसाठी दरवर्षी बाजूला ठेवायची ठरावीक रक्कम, आणि उरलेल्या पैशांत पुस्तकांचे एक कपाट. टॅबवर चार मुले असतील तेव्हा उरलेली मुले पुस्तके वाचतील, आणि त्या वीस मिनिटांत मी फळ्यासमोर उभी न राहता एका मुलाच्या पाटीजवळ बसेन. रोज कोणाजवळ बसले आणि काय दिसले, याची नोंद वहीत ठेवीन. दिवाळीच्या सुट्टीत ती वही घेऊन वाईला येईन, सर. टॅबने दाखवले नाही आणि पाटीने दाखवले असे तिच्यात किती निघते, ते आपण दोघे मिळून पाहू.

निवृत्त मुख्याध्यापक, वाई

अवश्य या. टॅब घेण्याला माझा विरोध अजूनही कायम आहे. पण वहीत चुकलेले उत्तर जसेच्या तसे उतरवून घ्या, नुसते ‘चूक’ असे लिहू नका.