रोजच्या जेवणात कच्चं व्हीगन: घरी निभतं, की नुसता खटाटोप?

भिजलेला बदाम

कच्चं व्हीगन जेवण म्हटलं की दोनच चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक तर ताटभर काकडी-गाजराच्या चकत्या, नाहीतर तीन यंत्रं आणि बारा तास खर्चून केलेला 'कच्चा पिझ्झा'. रोजच्यासाठी दोन्ही निकामी. माझं म्हणणं असं की दिवसातलं एक जेवण आणि घरातलं गोडधोड कच्चं, पूर्ण वनस्पतिजन्य ठेवणं सहज निभतं. फक्त शिजवलेल्या पदार्थांची नक्कल करायचा नाद सोडायला हवा.

विस्तवाचं बरंचसं काम मीठ, आंबट, भिजवण आणि वाटण यांच्याकडून करून घेता येतं. साधं उदाहरण कोबीचं. अर्धा किलो कोबी अगदी बारीक चिरा, वजनाच्या दीड टक्का म्हणजे ७-८ ग्रॅम मीठ घाला, दोन-तीन मिनिटं हाताने चोळा, पंधरा मिनिटं झाकून ठेवा आणि घट्ट पिळा. मिठामुळे पेशींतलं पाणी बाहेर येतं, कोबी मऊ पडतो, कचकच जाते. खूप लोक हे न करता वरून सॉस ओततात, मग दहा मिनिटांत ताटात तळं साचतं आणि दोष जातो कच्च्या खाण्याला. झुकिनीच्या शेवयांचंही तेच. मीठ लावून दहा मिनिटं, मग फडक्यात दाबून कोरड्या करायच्या, आणि सॉस अगदी खायच्या वेळी.

सॉस: १०० ग्रॅम सूर्यफुलाच्या बिया चार तास भिजवून निथळा. त्यात ८० मिली पाणी, ३० मिली लिंबाचा रस, लसणाची एक लहान पाकळी आणि अर्धा चमचा मीठ घालून वाटा. पिळलेल्या कोबीत मीठ उरलेलंच असतं, त्याच्यासाठी हे घालत असाल तर यातलं मीठ निम्मं करा. लसूण एकापेक्षा जास्त नको. कच्चा लसूण वाटला की तासाभरात चढतो आणि बाकी सगळं झाकून टाकतो. दोघांना हा सॉस पुरतो आणि माणशी साधारण १० ग्रॅम प्रथिनं मिळतात. भिजवण आधी केलेली असेल तर जेवण वीस मिनिटांत तयार.

चुलीपाशी

'सहज निभतं' हा शब्द जरा जपून वापरा. वीस मिनिटांत तुम्ही भिजवण धरली नाहीत, पिळायचं फडकं धुणं धरलं नाही आणि ब्लेंडरच्या पात्याखाली अडकलेला लगदा काढणं तर मुळीच नाही.

पण वेळ सोडा. 'कच्चं' ही रेघ कुठे ओढायची, हेच यातल्या लोकांचं ठरत नाही. कुणी ४२ अंश म्हणतं, कुणी ४८. त्या अंकाखाली 'जिवंत एन्झाइम' टिकतात आणि पचनाला मदत करतात, असा दावा असतो. ही एन्झाइम म्हणजे प्रथिनंच. जठरातल्या आम्लात त्यांतल्या बहुतेकांचं तेच होतं जे इतर प्रथिनांचं होतं, त्यांचा आकार मोडतो आणि ती पचून जातात.

त्यात गंमत म्हणजे 'कच्चे' म्हणून विकले जाणारे काजू कच्चे नसतातच. काजूच्या टरफलात कातडी भाजणारं तेल असतं, म्हणून फोडण्याआधी बिया वाफवतात किंवा भाजतात. कोको पावडर बहुधा भाजलेल्या बियांचीच असते. म्हणजे तुमच्या कच्च्या चॉकलेट केकचे दोन मुख्य घटक आधीच आचेवरून आलेले!

पोषणाचं बघायचं तर टोमॅटोतलं लायकोपीन (त्याला लाल रंग देणारं द्रव्य) शिजवून आणि थोड्या तेलाबरोबर जास्त मिळतं. गाजरातलं कॅरोटीनही. जर्मनीत दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्यांचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ४५ वर्षांखालच्या सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झालेली किंवा थांबलेली होती. हे सगळं कशासाठी?

भिजलेला बदाम

एन्झाइमचा दावा मी केलेला नाही, तो माझ्या गळ्यात घालू नका. काजूचं म्हणणं मान्य.

त्या अभ्यासातली माणसं वर्षानुवर्षं आहाराचा फार मोठा भाग कच्चा खाणारी होती आणि त्यांचं वजन बरंच घटलेलं होतं. पोटात कॅलरी कमी गेल्या की पाळीवर परिणाम होतो, मग जेवण कच्चं असो की शिजलेलं. मी एका जेवणाबद्दल बोलतो आहे. दोन्ही एका मापाने मोजू नयेत.

आणि एन्झाइमचा एक खरा उपयोग आहे, तो पोटात नाही, चिरण्याच्या फळीवर. ब्रोकोली, कोबी चिरला की त्यातलं मायरोसिनेज हे एन्झाइम कामाला लागतं आणि सल्फोराफेन हे आरोग्याला उपयोगी मानलं जाणारं द्रव्य तयार होतं. आख्खी ब्रोकोली सरळ उकळत्या पाण्यात टाकलीत तर ते एन्झाइम आधीच मरतं. शिवाय 'क' जीवनसत्त्व उकळलेल्या पाण्याबरोबर जातं ते वेगळंच.

चुलीपाशी

मग ब्रोकोली चिरून अर्धा-पाऊण तास ठेवा आणि नंतर शिजवा. तोवर सल्फोराफेन बनलेलं असतं, आणि ते एन्झाइमपेक्षा उष्णतेला कितीतरी टिकाऊ आहे. घाई असेल तर शिजलेल्या ब्रोकोलीवर चिमूटभर मोहरीची पूड घाला, तेच एन्झाइम मोहरीतही असतं. वाफवलं तर 'क' जीवनसत्त्वही फारसं जात नाही. यातल्या कशासाठीही कच्चं खावं लागत नाही.

सूक्ष्मदर्शी

तुमच्या वादात एक गोष्ट राहून जाते आहे. आच फक्त मऊ करत नाही, जंतू मारते. ती काढली की तिची जागा दुसऱ्या कशाने तरी भरावी लागते.

मोड आलेली कडधान्यं हा यातला सगळ्यात कच्चा दुवा. दमटपणा, ऊब आणि दोन दिवस, जिवाणूंना आणखी काय हवं? जंतू बीच्या सालीच्या खाचांत असतात, म्हणून मोड वरून धुऊन ते पुरते जात नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची जी मोठी साथ आली ती मेथीच्या मोडांपर्यंत जाऊन पोचली. पन्नासहून जास्त माणसं दगावली. घरी करत असाल तर मोड आणण्यासाठीच म्हणून विकलं जाणारं बी घ्या, दिवसातून तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा, भांडं तिरपं ठेवून पूर्ण निथळू द्या. बुळबुळीत लागलं किंवा आंबूस वास आला की सगळं टाका, 'वरचं काढून खालचं' असलं काही नको. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चे मोड खाऊच नयेत.

राजमा कुणीही कच्चा खाऊ नये, मोड आणूनसुद्धा. त्यातलं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, मोड आणल्याने पुरेसं जात नाही. चार-पाच दाणेही काही तासांत उलट्या-जुलाब करवू शकतात. भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान ३० मिनिटं खळखळ उकळणं हाच उपाय. मंद आचेवर कोमट ठेवणं तर आणखी वाईट.

डिहायड्रेटरचंही (पदार्थ वाळवायच्या यंत्राचंही) बघा. ४२ अंशांवर जाड, ओलं मिश्रण बारा तास ठेवणं म्हणजे जिवाणूंची उबवणीच. जवसाच्या कुरकुरीत पापडीसाठी १५० ग्रॅम जवस, ३०० मिली पाणी, ४ ग्रॅम मीठ. तासभर ठेवलं की चिकट गोळा होतो. तो ३ मिलीमीटरपेक्षा जाड पसरू नका. पहिला तास हवेचं तापमान ६० अंश ठेवा. पृष्ठभागावरून पाणी उडत असताना पापडी हवेपेक्षा बरीच थंड राहते, त्यामुळे 'कच्चं' म्हणणाऱ्यांचाही नियम फारसा मोडत नाही. मग ४५ वर आणा, चार तासांनी उलटून जाळीवर टाका, एकूण दहा-बारा तास. पापडी वाकली तर ती झालेली नाही, ती कडकन मोडली पाहिजे. आणि गरम असताना डब्यात भरली की दुसऱ्या दिवशी चामडं.

काजूचं आंबवलेलं 'चीज' करणाऱ्यांसाठी: नुसतं 'आंबट लागलं' हे माप नाही. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ४.६ च्या खाली गेलं पाहिजे. पट्ट्या मिळतात, त्या वापरा. अमेरिकेत २०२१ मध्ये काजूच्या ब्रीमुळे (ब्री हा मऊ चीजचा प्रकार) साल्मोनेला या जिवाणूची लागण झाली होती. ते दूध नसलेलं चीज होतं, जंतू नसलेलं नव्हे.

वजनकाटा

सूक्ष्मदर्शींना +१. आता थोडा हिशोब.

कच्च्या गोडाला 'हलकं' म्हणायची पद्धत आहे, म्हणून काजूचा नेहमीचा चीजकेक घेऊ. ३०० ग्रॅम काजू: साधारण १६५० कॅलरी. तळाच्या थरासाठी १५० ग्रॅम बदाम: ८७०. दोन्ही थरांत मिळून २२० ग्रॅम खजूर: ६२०. ११० ग्रॅम खोबरेल तेल: ९८०. १२० मिली नारळाचं दूध: २७५. बेरीज ४,४०० च्या आसपास. बारा तुकडे केले तर एकेक ३६५ कॅलरीचा, आणि बारा करतं कोण? बहुतेक घरी आठ होतात.

उलट टोकाला, नुसत्या भाज्या आणि फळांवर जेवण उरकलं तर ताट डोंगराएवढं आणि पोटात तीनशे कॅलरी. दोन तासांनी माणूस डबे उघडत फिरतो. म्हणून बदामरावांचा बियांचा सॉस हे जेवण आहे, सजावट नव्हे. तो 'हलका' करायला कमी करू नये.

पूर्ण व्हीगन राहणार असाल तर ब१२ ची गोळी किंवा ब१२ घातलेले पदार्थ हवेतच. प्रौढाची गरज दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम एवढीच, पण वनस्पतींतून ती भरवशाने भागत नाही. स्पिरुलिनावर, म्हणजे शेवाळाच्या पुडीवर, विसंबू नका, त्यातलं बरंचसं ब१२ शरीराला न चालणाऱ्या रूपात असतं. आणि रोज पेलाभर कच्च्या पालकाची स्मूदी पिणाऱ्यांनी ऑक्झलेट लक्षात घ्यावं, विशेषतः मूतखड्याचा त्रास असेल तर. पालक उकळून पाणी फेकलं की ते बरंच कमी होतं. कच्चंच हवं तर लेट्यूस घाला.

गोडघाशी

कॅलरी मोजून झाल्या असतील तर केक कसा करायचा ते सांगते, कारण बहुतेकांचा बिघडतो तो मापाने नाही, तापमानाने.

वजनकाट्यांचीच मापं घ्या, २० सेंटीमीटरचा सुटा तळ असलेला साचा. बदाम आणि १२० ग्रॅम बिया काढलेला खजूर चिमूटभर मिठाबरोबर भरड करा, मुठीत दाबल्यावर गोळा राहिला की थांबा. जास्त फिरवलं तर बदामाला तेल सुटतं आणि तळ तेलकट होतो. काजू चार तास भिजवून नीट निथळा. ते, उरलेला १०० ग्रॅम खजूर, नारळाचं दूध, ८० मिली लिंबाचा रस आणि मीठ एकत्र वाटा. दोन बोटांत घासून बघा, कण लागला तर अजून फिरवा. गोठल्यावर रवाळपणा जास्तच जाणवतो.

खोबरेल तेल शेवटी, कोमट वितळवून, ब्लेंडर हळू चालू असताना धारेने. इथेच फसतं. काजू किंवा नारळाचं दूध फ्रिजमधून थेट काढलेलं असेल तर तेल २४ अंशांखाली येऊन त्याचे पांढरे कण होतात. उलट, ब्लेंडर फार वेळ फिरवून मिश्रण गरम झालं तर तेल सुटून वर तरंगतं. सुटलं तर दोन चमचे कोमट पाणी घालून पुन्हा फिरवा, बहुतेक वेळा जुळून येतं. साच्यात ओतून पाच तास फ्रीझरमध्ये, कापण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये, आणि सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून. खजुरामुळे रंग बदामी येतो. पांढराशुभ्र हवा असेल तर हा केक तुमच्यासाठी नाही.

हे रोजचं नव्हेच. रोजचं म्हणजे केळ्याचं आइस्क्रीम: सालीवर ठिपके पडलेली केळी सोलून, २ सेंटीमीटरचे तुकडे करून, ताटात सुटे सुटे सहा तास गोठवा आणि थांबत-थांबत फिरवा. आधी भुसा होतो, मग खडे, मग एकदम मऊ गोळा. भुशाच्या टप्प्यावर घाबरून लोक पाणी ओततात आणि आइस्क्रीमचं सरबत होतं. किंवा चियाचं बी: पेलाभर बदामाच्या दुधात ३ मोठे चमचे, दहा मिनिटांनी पुन्हा एकदा ढवळा. हे दुसरं ढवळणं विसरलं की तळाशी गोळा आणि वर दूध.

काठावरचा

केक टेबलावर वीस मिनिटांत ढासळतो, त्याला काही इलाज? आणि खोबरेलाचा वास नको असेल तर?

गोडघाशी

दोन्हीला एकच. निम्म्या खोबरेल तेलाऐवजी कोको बटर घ्या. ते ३४ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे नेहमीच्या खोलीत केक उभा राहतो. पण ५५ ग्रॅमपेक्षा जास्त नको, नाहीतर सुरीला कटकट आवाज येईल. उरलेलं तेल रिफाइंड घेतलंत तर वास नाही.

चुलीपाशी

रिफाइंड तेल म्हणजे कच्चं नव्हे. आणि कोको बटर वितळवणार कशावर?

भिजलेला बदाम

गरम पाण्यावर वाडगा ठेवून. पाणी ५० अंशांचं असलं तरी पुरे, बटर ४५ च्या आतच वितळतं.

चुलीपाशी

आणि पाणी?